कणी

भात शिजला की नाही हे आई कधी घड्याळावरून ठरवत नसे. पातेल्यावरचं झाकण फडक्यानं बाजूला करायची, पळीच्या टोकावर एक शीत घ्यायची, अंगठा आणि तर्जनीत दाबायची आणि म्हणायची, "कणी आहे अजून." मग पाण्याचा एक हबका, पुन्हा झाकण, आच मंद. मी शेजारी उभी राहून त्याच पातेल्यात डोकावायची. वरून सगळी शितं सारखीच दिसायची, पांढरी, फुगलेली, झालेली. कणी डोळ्यांना दिसायची नाही. ती बोटांना लागायची.

पुढे एकतीस वर्षं मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर खडूचा एक ठिपका काढायचा आणि म्हणायचं, हा इलेक्ट्रॉन. समोरची मुलं वहीत तसाच ठिपका काढायची. निवृत्त झाल्यावर त्या ठिपक्याची मला रुखरुख लागली. सूत्रं बरोबर होती, आकडे बरोबर होते, पण तो ठिपका बरोबर नव्हता. आपण इतक्या मुलांच्या हातात एक चुकीचं चित्र देऊन त्यांना पुढे पाठवलं असं वाटत राहिलं. हा लेख त्या रुखरुखीतून लिहिते आहे.

आपल्या भाषेत कण हा शब्द धान्यातून आलेला आहे. कणीचा तांदूळ, ज्वारीच्या कण्या, कणिक, सगळा एकाच कुळातला परिवार. रेणू म्हणजे मुळात धूळ. त्यामुळे 'मूलकण' म्हटलं की मराठी मनासमोर आपोआप काहीतरी बारीक, टणक, गोलसर, कुठेतरी पडलेलं असं येतं. चिमटीत धरता येईल असं, फक्त फार लहान. आपल्याकडच्या प्राचीन वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनीही हाच रस्ता धरला होता. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा धुळीचा कण म्हणजे त्रसरेणू, त्याचे तीन भाग म्हणजे द्व्यणुकं, आणि प्रत्येक द्व्यणुकाचे दोन परमाणू. पाहिलेल्या वस्तूपासून सुरुवात करून न दिसणाऱ्याकडे तर्कानं उतरत जायचं, ही झेप मला आजही मोठी वाटते. पण वस्तूला तोडत गेलं की शेवटी लहानशी वस्तूच हाती येईल, हे त्या तर्कानं धरून चाललेलं आहे. विसाव्या शतकात नेमकं तेच ढासळलं.

गेल्या डिसेंबरात भाची सुट्टीला माझ्याकडे पुण्यात आली होती. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. एके दिवशी तिनं तोच ठिपका वहीत काढलेला मला दाखवला, आणि मी ठरवलं की हिला ठिपका नको, ढगपेटी दाखवायची. इंग्रजीत क्लाउड चेंबर म्हणतात ती. घरी करता येते. माशांची काचेची रिकामी पेटी होती. तिच्या तळाला आतून नमद्याची पट्टी चिकटवून ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवली. काळ्या रंगानं रंगवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला, त्यावर पेटी पालथी घातली, कडा मळलेल्या मातीनं बंद केल्या. पत्र्याखाली कोरडा बर्फ, उणे ७८ अंशांचा. तो मिळवायला मात्र फिरावं लागलं. शेवटी मंगल कार्यालयांत नवरा-नवरी स्टेजवर येताना जो धूर सोडतात, ते काम करणाऱ्या एका माणसानं थर्माकोलच्या खोक्यात भरून दिला. जाड हातमोजे घातले, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या (कोरडा बर्फ विरघळत नाही, त्याचा थेट कार्बन डाय-ऑक्साइड वायू होतो, हे बंद खोलीत विसरायचं नसतं), दिवे घालवले आणि बाजूनं टॉर्च लावला.

पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती भुरभुर. वर ऊब, खाली गारठा, त्यामुळे अल्कोहोलची वाफ खाली उतरते आणि पत्र्याजवळच्या बोटभर थरात ती अशा अवस्थेत येते की थेंब व्हायला फक्त निमित्त हवं. ते निमित्त येईपर्यंत दोघी जमिनीवर पालथ्या पडून पाहत होतो. आणि मग आली. एक बारीक, सरळ, पांढरी रेघ, पेटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. धुक्यात कुणी टाका घालावा तशी. क्षणभर राहिली, मग वाकली, विस्कटली आणि खाली बसली. पाठोपाठ एक आखूड, जाड रेघ, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूतून निघालेल्या अल्फा कणाची. मग एक वेडीवाकडी, घाबरल्यासारखी, मंद इलेक्ट्रॉनची. मग परत एक लांब आणि सरळ.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, आपण पाहिला तो कण होता की कणाची वाट?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. विचारणार तरी कसा, ठिपका मीच काढून देत होते.

उत्तर द्यायचं तर आधी ही पेटी कुठून आली ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला नेहमी हरिश्चंद्रगड आठवतो. एम.एस्सी.ला असताना आम्ही पावसाळा सरता सरता गडावर गेलो होतो. सकाळी कोकणकड्यावर पोचलो तेव्हा पाठीशी ऊन होतं आणि समोरच्या दरीतून धुकं वर चढत होतं. त्या धुक्यावर सप्तरंगी वर्तुळ उमटलं, पुरं गोल, आणि त्याच्या मधोमध माझ्या डोक्याची सावली. सह्याद्रीत याला इंद्रवज्र म्हणतात. शेजारी उभ्या मैत्रिणीला तिच्या डोक्याभोवती दिसत होतं, मला माझ्या.

सप्टेंबर १८९४मध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा स्कॉटिश तरुण बेन नेव्हिस या डोंगरावरच्या वेधशाळेत राहिला होता. त्यानंही ढगांवर सावलीभोवतीची अशीच रंगीत वर्तुळं पाहिली, आणि ती केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात करून पाहावीत असं त्याला वाटलं. म्हणजे त्याला कणबिण शोधायचे नव्हते, त्याला इंद्रवज्र हवं होतं. दमट हवा एकदम प्रसरण पावू दिली की ती गार होते आणि ढग बनतो. ढग बनायला धूळ लागते अशी तेव्हाची समजूत होती. विल्सननं धूळ पुरती काढून टाकली, तरी हवा पुरेशी प्रसरण पावली की थेंब येतच राहिले. विजेचा भार असलेले तुटके अणू, म्हणजे आयन, थेंबांना आधार देत होते. १९११मध्ये त्यानं या भांड्यात एकेका कणाच्या मागे उमटलेली ढगाची रेघ पाहिली. १९२७मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमची पेटी त्याच्याहून साधी. त्याच्या पेटीत ढग क्षणभरच टिके. वर ऊब, खाली गारठा ठेवून सतत चालणारी जात १९३०च्या दशकात अलेक्झांडर लँग्सडॉर्फ यांनी काढली. पण रेघ तीच. कोकणकड्यावर उभं राहून आपण ज्याला निसर्गाचा चमत्कार म्हणतो, त्याच कुतूहलातून माणसानं अणूच्या आतलं पहिलं दृश्य मिळवलं, हे मला फार जवळचं वाटतं.

तर भाचीचा प्रश्न. आम्ही पाहिले ते अल्कोहोलचे थेंब. एकेका थेंबात अब्जावधी रेणू. प्रत्येक थेंबाच्या पोटात एक आयन, आणि प्रत्येक आयन म्हणजे झालेली एक घटना. इथे अणूतून इलेक्ट्रॉन उडाला, तिथे उडाला, पुढे आणखी एक उडाला. या घटना एका रेषेत आहेत म्हणून आपण म्हणतो की काहीतरी इथून तिथे गेलं.

यात काय अवघड आहे असं वाटेल. गोळी गेली, भोकं पडली. पण क्वांटम भौतिकशास्त्राचा हिशेब तसा नाही. अणुकेंद्रातून बाहेर पडणारा अल्फा कण समीकरणात गोळीसारखा नसतो. तळ्यात दगड टाकल्यावर तरंग जसा सगळीकडे सारखा पसरतो, तशी ती चारी दिशांना पसरणारी लाट असते. मग ढगपेटीत सगळीकडे धूसर गोळा दिसायला हवा, सरळ रेघ का? १९२९मध्ये नेव्हिल मॉट यांनी याचा गणिती उलगडा केला. त्यांनी लाट एकटी न घेता पेटीतले अणूही हिशेबात घेतले, आणि असं निघालं की दोन अणू दोन्हीही फुटण्याची शक्यता जवळपास शून्य असते, फक्त ते दोघे आणि मूळ केंद्र एका रेषेत असतील तेव्हाच ती असते. पहिला अणू कुठल्या दिशेला फुटेल हे आधी ठरलेलं नसतं. पण तो फुटला की पुढचे त्याच ओळीत फुटतात.

हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. आपण सरळ रेघेला कणाचा पुरावा मानतो, आणि हिशेब सांगतो की रेघ ही फुटलेल्या अणूंमधली आपसातली संगती आहे. त्या संगतीला आपण कण हे नाव देतो. आईच्या पातेल्यात कणी 'होती' असं आपण म्हणतो. ती दाबल्यावर लागते. पेटीतली वाफ हे बोट आहे.

इथे कुणी म्हणेल की मग कण खरे नाहीतच, सगळा मनाचा खेळ. हे मला मुळीच मान्य नाही. भात कच्चा राहिला तर पोट दुखतं. कणी खरी असते. फक्त ती आपल्याला कशी कळते यातून ती काय आहे हे वेगळं काढता येत नाही. आणि क्वांटम शब्दाचा आधार घेऊन मनाच्या शक्तीची दुकानं चालतात, त्यांचा तर मला मनापासून राग आहे. मॉट यांच्या हिशेबात मन नाही. अणू आहेत आणि त्यांच्यातल्या घटना आहेत.

त्या लांब सरळ रेघा बहुतेक म्युऑनच्या होत्या. म्युऑन माझा सगळ्यांत आवडता कण आहे, कारण तो इथे आत्ता आहे. अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून पायॉन नावाचे कण जन्मतात, आणि पायॉन मोडून म्युऑन. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला सुमारे एक म्युऑन जातो. म्हणजे तुम्ही हात उताणा धरलात तर मिनिटाला शंभराच्या आसपास, छतातून, पांघरुणातून, तळहातातून.

म्युऑन इलेक्ट्रॉनसारखाच, फक्त २०७ पट जड. १९३६मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांनी ढगपेटीतच तो हेरला. याची कुणालाच गरज नव्हती. अणू इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एवढ्यावर व्यवस्थित चालत होता. "हे कुणी मागवलं?" असं भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर राबी यांनी विचारल्याचं सांगतात, आणि त्याचं उत्तर आजही मिळालेलं नाही. निसर्गानं इलेक्ट्रॉनची जड आवृत्ती का केली आणि म्युऑनहूनही जड अशी तिसरी, टाऊ, का केली, हे कुठल्याही समीकरणातून निघत नाही.

आणि तो टिकत नाही. स्थिर म्युऑनचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी २.२ भाग. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. मग १५ किलोमीटरवरून निघालेला म्युऑन माझ्या माशांच्या पेटीत कसा पोचला? आइनस्टाइननं सांगितलं होतं की वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या दृष्टीनं सावकाश चालतं. १९३८मध्ये केंब्रिजला असलेल्या होमी भाभांनी 'नेचर'मध्ये एका छोट्या टिपणात लिहिलं की अशा मोडणाऱ्या कणाकडे घड्याळ म्हणून पाहता येईल, आणि तो वेगात असताना त्याचं मोडणं लांबलेलं दिसेल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर तासाला सुमारे ५६० म्युऑन मोजले आणि मग तीच मोजणी समुद्रसपाटीला केली. सुमारे १९०० मीटर उतरायला लागणाऱ्या वेळात, घड्याळ सगळ्यांचं सारखं असतं तर, तिशीच्या आतच उरायला हवे होते. ४००हून जास्त उरले.

त्या कणाचं नाव हा एक वेगळाच किस्सा आहे, आणि शब्दांची आवड असलेल्या माणसाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. वजन इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या मधलं, म्हणून त्याला 'मेसोट्रॉन' म्हणू लागले. १९३९मध्ये भाभांनी पुन्हा 'नेचर'मध्ये लिहिलं की यातला 'ट्र' अनाठायी आहे. ग्रीकमध्ये 'मेसो' म्हणजे मधला, त्या धातूत 'ट्र' नाही. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमध्ये तो त्यांच्या मूळ शब्दातच आहे, म्हणून तिथे शोभतो. इथे 'मेसॉन' हवं. मुंबईत वाढलेल्या एकोणतीस वर्षांच्या माणसानं जगाला व्युत्पत्ती समजावली आणि जगानं ऐकलं. पुढे कळलं की मेसॉन नावाचं कुळ आहे, पण म्युऑन त्यातला नाहीच. कणांना नावं आपण ओळख पटायच्या आधी ठेवतो, बारशाला पत्रिका पाहून ठेवावं तशी.

याच काळात दार्जिलिंगजवळच्या डोंगरांत कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधल्या बिभा चौधुरी आणि देवेंद्र मोहन बोस फोटोच्या काचा ठेवत होते. ढगपेटीऐवजी काचेवरचा लेप. कण त्यातून गेला की लेपातले दाणे काळे पडतात. सांदकफूच्या उंचीवर महिनोन्‌महिने काचा ठेवायच्या, मग धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेघ मोजायची. त्यांना इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वजनाच्या कणांच्या खुणा मिळाल्या आणि निबंध 'नेचर'मध्ये छापून आले. पण अधिक चांगल्या लेपाच्या काचा हव्या होत्या आणि महायुद्धामुळे त्या भारतात येईनात. १९४७मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटानं त्याच तंत्रानं, सुधारलेल्या काचांवर पायॉन शोधला. १९५०चं नोबेल पॉवेल यांना मिळालं.

बिभा चौधुरी मँचेस्टरहून पीएच.डी. करून परतल्या आणि १९४९मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक. मी मुंबईत त्या संस्थेत दोनदा उन्हाळी वर्गाला गेले, कँटीनमध्ये बसून समुद्र पाहिला, भिंतीवरची चित्रं पाहिली, पण त्यांचं नाव तेव्हा माझ्या कानावर आलं नाही. पाठ्यपुस्तकात तर नव्हतंच. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं सेक्स्टन्स तारकासमूहातल्या एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव दिलं. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. मी भाचीला त्याची जागा दाखवली. कुणाचं तरी काम नजरेआड राहिलं तरी ते झालेलं असतं, हे तिला कळावं असं मला वाटत होतं.

ती रात्र लांबत गेली तशी तिचे प्रश्नही पसरत गेले. "सगळे म्युऑन सारखेच असतात?" सारखे नव्हे, म्हटलं, तेच असतात. तांदळाचे दोन दाणे कितीही सारखे असले तरी भिंगाखाली फरक सापडतो. आणि नाही सापडला तरी हा डावीकडचा आणि तो उजवीकडचा असं म्हणता येतं. मूलकणांना ही सोयच नाही. १९२४मध्ये ढाक्याला सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी या धर्तीवर करून पाहिली आणि निबंध आइनस्टाइनला पाठवला. दोन नाणी उडवली तर छाप-छाप, काटा-काटा, छाप-काटा, काटा-छाप अशा चार शक्यता होतात. बोस यांच्या हिशेबात शेवटच्या दोन्ही एकच. अदलाबदल केली तर काही बदललं असं नाही, कारण अदलाबदल झालीच नाही. या हिशेबातून उष्ण वस्तूच्या प्रकाशाचं सूत्र तंतोतंत येतं. नेहमीच्या हिशेबातून येत नाही. म्हणजे हा आपल्या अज्ञानाचा भाग नव्हे. निसर्गच त्या दोघांना दोन नावं देत नाही.

हे कसं असू शकतं? दोन गोष्टी इतक्या एक कशा? आज भौतिकशास्त्र याचं जे उत्तर देतं ते मला सुंदर वाटतं. इलेक्ट्रॉन ही सुटी वस्तू नाही. विश्वभर पसरलेलं एकच इलेक्ट्रॉन-क्षेत्र आहे, आणि इलेक्ट्रॉन म्हणजे त्या क्षेत्राचं एका ठरावीक मापाचं थरथरणं. तंबोऱ्याची तार आज छेडली आणि उद्या छेडली तर षड्ज तोच असतो. कालचा षड्ज आणि आजचा षड्ज असे दोन षड्ज कुणी मानत नाही. १९३९मध्ये युजीन विग्नर यांनी याला गणिताची चौकट दिली. कुठूनही, केव्हाही, कुठल्याही वेगानं पाहिलं तरी जे बदलत नाही ते दोनच आकडे, वस्तुमान आणि फिरकी (कणाची अंगभूत गिरकी, इंग्रजीत स्पिन). विजेचा भार वगैरे सोडला तर कणाची ओळख एवढीच. इलेक्ट्रॉनचा आकार किती, याचं उत्तर प्रयोगांत मीटरच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागापर्यंत उतरूनही सापडलेलं नाही. टणकपणा हा शब्द तर तिथे लागूच होत नाही. माझा खडूचा ठिपका यातल्या कशातच बसत नव्हता.

मग वजन तरी? वजन म्हणजे आत काहीतरी भरीव असणार, असं भाचीला वाटत होतं. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एकक (भौतिकशास्त्रज्ञ ज्याला मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणतात ती एककं) आणि त्याच्या आतल्या तीन मूलकणांचं, म्हणजे क्वार्कचं, मिळून जेमतेम ९. उरलेलं सगळं क्वार्कच्या धावपळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन-क्षेत्राची ऊर्जा. न्यूट्रॉनचीही गत तीच. साठ किलोचा माणूस काट्यावर उभा राहिला तर त्यातले सहाशे ग्रॅमच्या आसपास त्याच्या मूलकणांचे. बाकी एकोणसाठ किलोंहून जास्त भाग ऊर्जेचा, थरथरण्याचा. तिनं स्वतःचं मनगट दाबून पाहिलं.

मला मात्र सगळ्यांत हलवून जाते ती कोलारची गोष्ट. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातल्या अतिखोल खाणींपैकी. टाटा संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे उपकरणं घेऊन उतरत होते. खोल जाल तसा वरच्या दगडात म्युऑन अडतो, त्यामुळे किती खोलीवर किती उरतात ते मोजायचं. मोजता मोजता १९६०च्या दशकात गट इतक्या खोल पोचला की दोन महिने उपकरण चालू ठेवूनही एकसुद्धा म्युऑन आला नाही. दोन महिने शून्य. कुणाला हे अपयश वाटेल. त्यांना त्या शून्यात संधी दिसली. जिथे वरून काहीच येत नाही, तिथे जे काही उमटेल ते न्यूट्रिनोमुळेच असणार.

न्यूट्रिनो हा सर्वांत अलिप्त कण. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नखाएवढ्या जागेतून सेकंदाला ६,५०० कोटींच्या घरात जातात, दिवसा वरून आणि रात्री पृथ्वी भेदून खालून, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. वातावरणात विश्वकिरणांमुळे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या त्याच वेगवान प्रोटॉनमुळे, जन्मणारे न्यूट्रिनो संख्येनं फार कमी पण कितीतरी जास्त ऊर्जेचे. त्यातला एखादा फार क्वचित दगडातल्या अणुकेंद्राला धडकतो आणि त्यातून म्युऑन निघतो. वरून येणारे म्युऑन बहुतेक उभे येतात, म्हणून २.३ किलोमीटर खोल बोगद्यात दोन उभ्या भिंती समोरासमोर उभारल्या, प्लॅस्टिकच्या चमकणाऱ्या पाट्यांच्या आणि निऑनच्या नळ्यांच्या, आडव्या येणाऱ्याला पकडायला. मुंबई, जपानातलं ओसाका आणि इंग्लंडमधलं डरॅम अशा तीन ठिकाणच्या लोकांनी मिळून हे केलं. १९६५मध्ये आडवे म्युऑन उमटले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत फ्रेडरिक राइनस यांच्या गटालाही ते मिळाले. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो माणसाला पहिल्यांदा लागला तो असा. कोलारच्या खाणी २००१मध्ये बंद झाल्या, प्रयोगशाळा त्याच्या आधीच. त्या बोगद्यांत आता पाणी आहे.

मी 'लागला' म्हणाले, 'दिसला' नाही. न्यूट्रिनो तिथे कुणी पाहिला नाही. म्युऑनही नाही. निऑनच्या नळ्या चमकल्या, त्यांचा फोटो निघाला, फोटोत एका ओळीत चमकलेल्या नळ्या होत्या. ज्यांनी खाणीच्या पाळण्यातून खाली उतरून ते उपकरण राखलं, त्यांच्या कामात मला आईचा अंगठा आणि तर्जनी दिसते. सगळं वरून सारखं दिसत असताना दाबून पाहण्याची चिकाटी.

बाराच्या पुढे बर्फ कमी होत चालला. वहीत भाचीनं लांब सरळ रेघांची नोंद ठेवायला घेतली होती, चार उभ्या आणि पाचवी तिरकी, वाण्याच्या हिशेबासारखी. आधी पान भराभर भरत होतं, मग रेघांमध्ये वेळ जाऊ लागला. म्युऑन कमी झाले नव्हते, ते येतच होते, आमच्या पाठीतून, फरशीतून, खालच्या मजल्यावर झोपलेल्या माणसांतून. पेटीचा गारठा कमी होत होता. थर पातळ झाला, भुरभुर थांबली, काळा पत्रा नुसता ओला दिसायला लागला.

मी टॉर्च बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात ती ओरडली, "ही बघ, मावशी!"

मला काही दिसलं नाही. तिनं बोटानं हवेत दाखवलं, इथून इथे, अगदी पुसट, खरंच होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे. तिथे आता काही नव्हतं.

पेन माझ्याकडे होतं. मी वही ओढली आणि शेवटच्या अर्धवट जुडीत तिची एक उभी रेघ मारली.